‘पी’ जीवनसत्त्व : एका नावाचा जन्म, निरास आणि उत्तरायुष्य

इ. स. १९५० मध्ये अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञांची संस्था आणि पोषणशास्त्रज्ञांची संस्था या दोहोंच्या संयुक्त परिभाषा-समितीने एक लहानशी शिफारस प्रसिद्ध केली. ‘पी जीवनसत्त्व’ ही संज्ञा यापुढे वापरू नये, एवढाच तिचा आशय होता. ही संज्ञा त्यापूर्वी चौदा वर्षे, म्हणजे १९३६ साली, हंगेरीतील सेगेद येथील संशोधकांनी निर्माण केली होती. शास्त्रीय परिभाषेत नवी संज्ञा घडविल्याची उदाहरणे हवी तितकी दाखविता येतील. परंतु एकदा प्रचारात आलेली संज्ञा अधिकृत रीतीने मागे घेतली गेल्याची उदाहरणे त्या मानाने थोडीच. म्हणूनच हा प्रसंग भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम थांबून पाहावा असा आहे.

क जीवनसत्त्व आणि वनस्पतींतील ‘बायोफ्लॅव्होनॉइड’ नावाची द्रव्ये यांची जोडी आज औषधांच्या दुकानात सहज आढळते. दोन्ही एकत्र घातलेल्या गोळ्या मिळतात, आणि एकाच्या संगतीने दुसऱ्याचे बळ वाढते अशी ग्वाही त्यांच्या वेष्टनावर दिलेली असते. ही ग्वाही कितपत खरी, हा प्रश्न मुख्यतः वैद्यकाचा आहे. पण ती मुळात आली कोठून, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि त्या इतिहासात शब्दांनी जे कार्य केले आहे, ते पाहता भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अस्थानी ठरू नये. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे आहे : ‘क’च्या बाबतीत द्रव्य आधी हाती आले आणि त्याला नाव देताना संशोधकाने कमालीचा संकोच दाखविला, ‘पी’च्या बाबतीत त्याच संशोधकाने नाव आधी दिले, आणि त्या नावाला साजेसे द्रव्य मात्र आजतागायत हाती आलेले नाही.

कथेचा आरंभ अर्थातच स्कर्व्हीपासून करावयास हवा. हिरड्या सुजून त्यांतून रक्त येणे, त्वचेखाली जांभळे डाग पडणे, जुन्या जखमा पुन्हा उघडणे आणि अखेर मृत्यू, असा हा रोग लांबच्या सागरी प्रवासात खलाशांना होत असे. ब्रिटिश आरमारातील शल्यवैद्य जेम्स लिंड याने मे १७४७ मध्ये ‘सॉल्झबरी’ या युद्धनौकेवर बारा रोगी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. एका जोडीला सफरचंदाची मदिरा, दुसरीला सौम्य केलेले गंधकाम्ल, तिसरीला शिरका, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला लसूण, मोहरी इत्यादींचा लेह, आणि सहावीला रोज दोन संत्री व एक ‘लेमन’. फळे सहा दिवसांतच संपली. तेवढ्यात या शेवटच्या जोडीपैकी एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला, आणि दुसरा इतरांची शुश्रूषा करू लागला. लिंडचा ग्रंथ १७५३ साली प्रसिद्ध झाला. आरमारात लेमनचा रस नियमाने देण्यास मात्र १७९५ साल उजाडावे लागले.

येथे आपल्याला एका शब्दापाशी थांबणे भाग आहे. मराठीत ही हकीकत सांगताना ‘लेमन’चे भाषांतर ‘लिंबू’ असे सर्रास करण्यात येते. परंतु आपल्या बाजारात मिळणारे कागदी लिंबू हे इंग्रजांचे ‘लेमन’ नव्हे. ते वनस्पतिशास्त्रदृष्ट्या वेस्ट इंडीज बेटांतील ‘लाइम’च्या जातीचे फळ आहे. लेमन आणि लाइम हे दोन्ही इंग्रजी शब्द फारसी-अरबीतून भूमध्यसागरी भाषांच्या वाटेने तिकडे गेले आहेत आणि आपले ‘लिंबू’ त्याच गोत्रातले आहे. किंबहुना त्या काळच्या इंग्रजीतही ‘लाइम-ज्यूस’ या एकाच नावाने दोन्ही फळांचा रस ओळखला जात असे. हा घोटाळा केवळ कोशकारांच्या काळजीचा विषय राहता तर त्याचा येथे उल्लेख करण्याचे कारण नव्हते. पण १८६० नंतरच्या दशकात ब्रिटिश आरमाराने भूमध्यसागराकाठचे लेमन सोडून आपल्याच वसाहतींत पिकणाऱ्या लाइमचा रस घेण्यास सुरुवात केली. नाव जवळपास तेच, आंबटपणा तोच. तेव्हा गुणही तोच असणार, असे गृहीत धरण्यात आले. पुढे १८७५-७६ मध्ये कॅप्टन नेअर्स यांच्या नेतृत्वाखाली उत्तर ध्रुवाकडे मोहीम गेली, तेव्हा तिच्यातील लोकांना स्कर्व्हीने गाठले आणि मोहीम अर्धवट सोडून परतावे लागले.

या अपयशाचा परिणाम विपरीत झाला. रस बदलला आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही; उलट, फळांचा रस स्कर्व्ही थांबवितो या कल्पनेवरचाच विश्वास उडाला. डबाबंद मांसातील विषाने हा रोग होतो अशी उपपत्ती काही वैद्य मांडू लागले, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमांतही ती टिकून होती. हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या लिस्टर संस्थेत प्रयोग करून लाइमच्या रसाचे सामर्थ्य लेमनच्या रसाच्या सुमारे चतुर्थांशच असते असे १९१८ साली दाखविले, तेव्हा कोठे या गोंधळाचा उलगडा झाला. (कागदी लिंबू निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ताज्या रसात क जीवनसत्त्व असतेच. महिनोन्‌महिने साठविलेल्या आणि तांब्याच्या भांड्यांचा संपर्क झालेल्या रसाची गोष्ट निराळी.) एका नावाखाली दोन वस्तू नांदू लागल्या म्हणजे काय घडते, याचे इतके ठळक उदाहरण अन्यत्र क्वचित सापडेल. पुढे ‘पी’च्या बाबतीतही एका नावाखाली अनेक द्रव्ये नांदावयाची होती.

‘व्हायटामिन’ या शब्दाचा इतिहास त्या मानाने परिचित आहे. कासिमीर फुंक याने १९१२ साली ‘जीवन’वाचक लॅटिन शब्द आणि ‘अमाइन’ ही रासायनिक संज्ञा यांचा समास करून तो घडविला. ही सर्व द्रव्ये अमाइन वर्गातली असावीत, असा त्याचा तर्क होता. तो तर्क टिकला नाही, म्हणून १९२० साली ड्रमंड यांनी शब्दाच्या शेवटचे ‘ई’ हे अक्षर गाळावे आणि निरनिराळ्या द्रव्यांना रोमन वर्णमालेतील अक्षरे द्यावीत अशी सूचना केली. मराठीतील ‘जीवनसत्त्व’ या शब्दाला अशी दुरुस्ती करून घेण्याची गरज कधी पडली नाही, कारण त्यात रसायनशास्त्राचा कोणताही दावा मुळातच नाही. अक्षरांच्या बाबतीत मात्र मराठीने एक गंमत करून ठेवली आहे. आपला ‘क’ हा रोमन ‘सी’चा उच्चार नव्हे, भूमितीतील ‘अ, ब, क, ड’ या परिपाठाप्रमाणे तो तिसऱ्या स्थानाचा वाचक आहे. त्यामुळे रोमन ‘के’ अक्षराचे जीवनसत्त्व जेव्हा आले, तेव्हा त्याला ‘के’ म्हणण्यावाचून गत्यंतर राहिले नाही, आणि ‘क’ व ‘के’ अशी दोन अगदी भिन्न जीवनसत्त्वे एका मात्रेच्या फरकाने मराठीत वावरू लागली.

या ‘के’चा प्रस्तुत विषयाशी दुसराही एक संबंध आहे. अ, ब, क, ड, ई ही अक्षरे केवळ अनुक्रम दाखवितात. ती द्रव्याविषयी काहीच सांगत नाहीत. परंतु कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यांनी १९३५ साली रक्त गोठण्यास आवश्यक असलेल्या जीवनसत्त्वाला ‘के’ हे अक्षर दिले, ते डॅनिश आणि जर्मन भाषांत ‘कोआग्युलेशन’ हा शब्द त्या अक्षराने सुरू होतो म्हणून. म्हणजे अक्षर आता अनुक्रमांक न राहता कार्याचे आद्याक्षर बनले. पुढच्याच वर्षी आलेले ‘पी’ याच धर्तीचे होते. कार्यावरून नाव द्यावयाचे तर ते कार्य आधी निर्विवाद सिद्ध झालेले असावयास हवे. ‘के’च्या बाबतीत ते पुढेही टिकले. ‘पी’च्या बाबतीत काय झाले ते आता पाहावयाचे आहे.

आल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांचा जन्म १८९३ साली बुडापेस्ट येथे झाला. जीवनसत्त्वांच्या शोधात ते आरंभी नव्हतेच. सफरचंद किंवा बटाटा चिरून ठेवला असता तपकिरी पडतो, पण लिंबूवर्गीय फळे पडत नाहीत. असे का व्हावे, हा त्यांचा प्रश्न होता. हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथे काम करीत असताना त्यांना असे आढळले की, वनस्पतींतील एका विकराच्या क्रियेने जो निळा रंग तत्काळ दिसावयास हवा, तो लिंबूवर्गीय फळांचा रस घातल्यास काही क्षण उशिरा दिसतो. हा उशीर ज्याच्यामुळे होतो, त्या द्रव्याचा माग त्यांनी अधिवृक्क ग्रंथीपर्यंत काढला. केंब्रिज येथे हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्याचे स्फटिक मिळविले आणि १९२८ साली आपला निबंध प्रसिद्धीसाठी पाठविला. शर्करांच्या नावांना ‘ओज’ हा प्रत्यय लागतो (आपल्या ‘ओजस्‌’शी त्याचा काही संबंध नाही). द्रव्य शर्करेच्या कुळातले दिसत होते, पण नेमके काय ते कळत नव्हते. म्हणून त्यांनी अज्ञानवाचक लॅटिन शब्दाचे पहिले पद घेऊन त्याला ‘इग्नोज’ असे नाव दिले. संपादक आर्थर हार्डेन यांना ही थट्टा रुचली नाही. दुसरे नाव सुचवा, असे त्यांनी कळविताच सेंट-ज्योर्जी यांनी ‘गॉडनोज’ हे नाव सुचविले. म्हणजे ‘देव जाणे’! अखेर, द्रव्यात कार्बनचे सहा अणू असून ते अम्लधर्मी आहे एवढ्या माहितीवर ‘हेक्झ्युरॉनिक अम्ल’ हे नाव ठरले.

ही आख्यायिका विनोद म्हणून वारंवार सांगितली जाते. पण तिच्यातील परिभाषेची शिस्त सहसा कोणी लक्षात घेत नाही. जेवढे ज्ञात आहे तेवढेच नावात यावे, आणि जे अज्ञात आहे ते अज्ञात म्हणूनच नावात नोंदले जावे, हा दंडक सेंट-ज्योर्जी यांनी थट्टेच्या आवरणाखाली पाळला होता. पुढे १९३२ साली अमेरिकेत चार्ल्स ग्लेन किंग यांनी आणि सेगेद येथे सेंट-ज्योर्जी व त्यांचे सहकारी स्विर्बेली यांनी हेक्झ्युरॉनिक अम्ल म्हणजेच क जीवनसत्त्व होय असे दाखविले. अग्रमान कोणाचा यावरून बराच वाद झाला. तो येथे अप्रस्तुत आहे. द्रव्याची रचना ठरविण्यासाठी ते विपुल प्रमाणात हवे होते, आणि ते मिळाले सेगेदच्या परिसरात पिकणाऱ्या ‘पाप्रिका’ नावाच्या मांसल तांबड्या मिरचीतून. मिरची अमेरिका खंडातली; पण ‘पाप्रिका’ हा शब्द स्लाव्ह भाषांतून मागे नेत नेत लॅटिन व ग्रीकपर्यंत गेले, तर तो अखेर आपल्या ‘पिप्पली’पाशी, म्हणजे पिंपळीपाशी येऊन पोहोचतो. बर्मिंगहॅमच्या हॉवर्थ यांनी रचना निश्चित केली, आणि १९३३ साली द्रव्याचे पुन्हा नामकरण झाले : ‘अ-स्कॉर्बिक’ अम्ल, म्हणजे स्कर्व्ही नाहीशी करणारे अम्ल. या खेपेस नावात दावा होता. पण तो सिद्ध झाल्यानंतर केलेला होता. सेंट-ज्योर्जी यांना वैद्यकाचे आणि हॉवर्थ यांना रसायनाचे नोबेल पारितोषिक १९३७ साली मिळाले.

यानंतरची हकीकत सेंट-ज्योर्जी यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. ऑस्ट्रियातील एका सहव्यवसायी गृहस्थांना रक्तस्रावाचा विकार होता, आणि त्यांना त्यावर अस्कॉर्बिक अम्ल घेऊन पाहावयाचे होते. शुद्ध स्फटिक त्या वेळी पुरेसे नव्हते, म्हणून सेंट-ज्योर्जी यांनी पाप्रिका पाठविली. रोगी बरा झाला. पुढे शुद्ध अम्ल मिळू लागल्यावर त्यांनी इष्टवान रुस्न्याक या वैद्य मित्राच्या साहाय्याने तशाच रोग्यांवर ते वापरून पाहिले, तर काहीच गुण येईना. तेव्हा पाप्रिकेत क जीवनसत्त्वाखेरीज आणखी काहीतरी असले पाहिजे, असे अनुमान निघाले. हे ‘आणखी काहीतरी’ लेमनच्या रसातून वेगळे काढण्यात आले व त्याला ‘सिट्रिन’ म्हणण्यात आले. ज्या रोग्यांच्या केशवाहिन्यांच्या भिंतीतून रक्तद्रव अवाजवी प्रमाणात झिरपत असे, अशांपैकी काहींना त्याने उतार पडला. १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात रुस्न्याक आणि सेंट-ज्योर्जी यांनी त्याला ‘पी जीवनसत्त्व’ हे नाव दिले. ‘पी’ हे पार्यतेसाठी, म्हणजे भिंतीतून द्रव झिरपू देण्याच्या गुणासाठी असलेल्या पाश्चात्त्य शब्दाचे आद्याक्षर होय. पाप्रिकेचे आद्याक्षरही तेच होते.

येथे ‘इग्नोज’चा जनक आपला दंडक विसरला असे म्हणावे लागते. जीवनसत्त्व हे वर्णनपर नाव नाही. ते एक विधान आहे. अमुक द्रव्य शरीराला स्वतः बनविता येत नाही, ते अन्नातून मिळाले नाही तर ठराविक रोग होतो आणि ते दिले असता तो रोग जातो, एवढे सारे त्या एका शब्दात प्रतिपादलेले असते. काही रोग्यांना उतार पडणे आणि हे विधान यांत बरेच अंतर आहे. ते अंतर भरून काढण्याचा प्रयत्न त्याच वर्षी झाला. स्कर्व्हीकारक आहारावर ठेवलेल्या गिनिपिगांना सिट्रिन दिले असता ते अधिक दिवस जगतात आणि त्यांना रक्तस्राव कमी होतो, असे सेगेदच्या प्रयोगांत दिसले. त्यावरून, प्रयोगशाळेत दिसणारी स्कर्व्ही ही वस्तुतः ‘क’ आणि ‘पी’ या दोन्ही जीवनसत्त्वांच्या संयुक्त अभावाचा रोग होय, असा सिद्धान्त मांडण्यात आला. शिवाय सिट्रिन हे एक द्रव्य नसून हेस्पेरिडिन आणि एरिओडिक्टिऑलचे शर्करायुक्त रूप यांचे मिश्रण आहे, हेही लवकरच उघड झाले.

लंडनच्या लिस्टर संस्थेतील झिल्व्हा यांनी तो प्रयोग करून पाहिला. त्यांना तसा परिणाम आढळला नाही. खुद्द सेगेदमध्येही तो दर वेळी साधेना. तेव्हा १९३७ साली सेंट-ज्योर्जी यांनी सुधारित भूमिका घेतली, ती अशी की ‘पी’ आपले कार्य करण्यासाठी अस्कॉर्बिक अम्लाचा अल्पसा अंश सोबत असावा लागतो. तो मुळीच नसेल तर ‘पी’चा प्रभाव पडत नाही. वाचकांनी या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावे. आजच्या गोळ्यांच्या वेष्टनावरील ‘दोन्ही एकत्र असतील तरच पूर्ण लाभ’ या आश्वासनाचा उगम माझ्या मते येथे आहे. ती एका फसलेल्या प्रयोगाची केलेली डागडुजी होती. याच निरीक्षणाचा दुसरा, साधा अर्थही लागू शकत होता. फ्लॅव्होनॉइड द्रव्ये तांब्याचे अणू पकडून ठेवतात आणि त्यामुळे अस्कॉर्बिक अम्लाचा तांब्याच्या सान्निध्यात होणारा नाश मंदावतो. तेव्हा आहारात ‘क’चा थोडा अंश शिल्लक असेल तर सिट्रिनमुळे तोच अधिक टिकला असेल, आणि गिनिपिगांना तारणारे द्रव्य जुने ‘क’च असेल. दुसरे जीवनसत्त्व कल्पिण्याची त्यासाठी गरज नव्हती.

स्कर्व्ही म्हणजे दोन अभावांचा रोग असेल, तर केवळ शुद्ध अस्कॉर्बिक अम्लाने ती पूर्ण बरी होता कामा नये. हा निकष माणसांवर दोनदा लावला गेला. बोस्टन येथील जॉन क्रँडन या तरुण शल्यवैद्याने १९३९-४० मध्ये सहा महिने स्वतः क जीवनसत्त्वविरहित आहार घेतला. त्याला स्कर्व्ही झाली, शरीरावर मुद्दाम केलेली जखम भरेना, आणि शुद्ध अस्कॉर्बिक अम्ल शिरेतून दिल्यावर ती भरून आली. दुसरे उदाहरण इंग्लंडमधील शेफील्डचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार देणाऱ्या स्वयंसेवकांवर तेथे हान्स क्रेब्झ यांच्या देखरेखीखाली १९४४ पासून प्रयोग झाला, आणि त्याचा सविस्तर वृत्तान्त १९५३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ‘क’ मुळीच दिले नाही त्यांना काही महिन्यांनी स्कर्व्ही झाली. ज्यांना रोज अवघे १० मिलिग्रॅम मिळाले ते तिच्यापासून मुक्त राहिले, आणि आजारी पडलेले तेवढ्याच मात्रेने बरे झाले. हिरड्यांचा आणि त्वचेखालचा रक्तस्रावही त्यात आला. ‘पी’ला करण्यासारखे काही काम उरलेच नाही.

तरीही नाव लगेच नाहीसे झाले नाही, कारण मध्यंतरी त्याला नवे आधार मिळाले होते. येथे या द्रव्यांच्या जुन्या नावांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. ‘हेस्पेरिडिन’ हे संत्र्याच्या सालीच्या आतील पांढऱ्या भागातून १८२८ साली लब्रतों याने काढले, आणि ग्रीक पुराणातील सोनेरी फळांच्या बागेची राखण करणाऱ्या हेस्पेरिडीझ कन्यांवरून त्याला हे नाव मिळाले. ‘रुटिन’ हे ‘रूटा’ या वनस्पतीवरून. ही वनस्पती म्हणजे आपल्याकडील सताप. ‘क्वेर्सेटिन’ हे ओक वृक्षाच्या लॅटिन नावावरून. आणि या सर्वांचे कुलनाम ‘फ्लॅव्होन’ हे ‘पिवळा’ या अर्थाच्या ‘फ्लावुस’ या लॅटिन विशेषणावरून. या नावांत उगम आहे, रंग आहे, थोडे काव्यही आहे. पण आरोग्याविषयी दावा एकही नाही. म्हणूनच ती अद्याप निर्वेधपणे चालत आली आहेत.

यांपैकी रुटिनला १९४० नंतर एकाएकी महत्त्व आले. फिलाडेल्फिया येथील ग्रिफिथ, काउच आणि लिंडाउअर यांनी १९४४ साली असे प्रतिपादन केले की, रक्तदाब वाढलेल्या ज्या रोग्यांच्या केशवाहिन्या ठिसूळ झालेल्या असतात, त्यांना रुटिनचा उपयोग होतो. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या प्रयोगशाळेने ते प्रथम तंबाखूतून आणि मग कुट्टूच्या पाल्यातून काढण्याची कृती बसविली. औषध म्हणून त्याचा खप वाढला. आता ‘पी जीवनसत्त्व’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर देणे अशक्य झाले. सिट्रिन, हेस्पेरिडिन, रुटिन, आणि त्यांच्या कुळातील आणखी कितीतरी द्रव्ये या एका नावावर हक्क सांगू लागली. आणि यांपैकी एकाच्याही अभावाने होणारा रोग कोणाला दाखविता आला नाही. १९५० ची शिफारस या पार्श्वभूमीवर आली.

संज्ञा गेली, पण तिची जागा रिकामी राहिली नाही. ‘बायोफ्लॅव्होनॉइड’ हा शब्द याच सुमारास पुढे आला, आणि १९५५ साली न्यूयॉर्क विज्ञान अकादमीच्या वार्षिकग्रंथात ‘बायोफ्लॅव्होनॉइड आणि केशवाहिनी’ या विषयावरील निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांत सेंट-ज्योर्जी यांचाही एक लेख आहे. नव्या शब्दातील ‘बायो’ हे उपपद रसायनदृष्ट्या काहीच सांगत नाही. तेच द्रव्य ‘फ्लॅव्होनॉइड’ म्हणूनही तितकेच नेमके ओळखता येते. ‘जीवन’वाचक शब्द ‘व्हायटामिन’मधून गेला होता, तो ग्रीक वेषात परत आला. शास्त्रीय परिभाषेत अशा उपपदांविषयी सावध असावे, असे विद्यार्थ्यांना सांगताना मी हेच उदाहरण देत असतो.

या नव्या नावाखाली ‘क’ आणि बायोफ्लॅव्होनॉइड यांची जोडी सर्दीवर सुचविण्यात येऊ लागली. अमेरिकन वैद्यकसंघाच्या नियतकालिकात १९५६ साली आलेल्या परीक्षणांत बायोफ्लॅव्होनॉइडांमुळे काही लाभ दिसला नाही. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांचा अभिप्राय घेऊन, ही औषधे गुणकारी असल्याचा पुरावा नाही असा निर्णय दिला. औषध म्हणून तेथे त्यांचे दिवस भरले; पण आहारपूरक म्हणून ती विकली जात राहिली, आणि १९९४ च्या कायद्याने अशा पूरकांना विक्रीपूर्व मंजुरीच्या बंधनातून मोकळे केले. सर्दीविषयीचा मोठा गाजावाजा खरे तर १९७० साली लायनस पॉलिंग यांच्या पुस्तकाने झाला, आणि तो एकट्या ‘क’साठी होता. त्यावर झालेल्या अनेक परीक्षणांचा एकत्रित निष्कर्ष असा की, नियमित ‘क’ घेतल्याने सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. आलेल्या सर्दीची मुदत प्रौढांत सुमारे ८ टक्क्यांनी आणि मुलांत सुमारे १४ टक्क्यांनी कमी होते. लांब पल्ल्याचे धावपटू किंवा कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक यांच्यात मात्र सर्दीचे प्रमाणच जवळपास निम्म्यावर आलेले दिसते.

जोडीच्या बाजूने ज्या प्रयोगाचा दाखला हमखास देण्यात येतो, तो व्हिन्सन आणि बोस यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला आहे. लिंबूवर्गीय अर्कासह दिलेले अस्कॉर्बिक अम्ल नुसत्या अम्लापेक्षा ३५ टक्क्यांनी अधिक शोषले जाते, असे त्यांना आढळले. प्रयोगात माणसे आठ, आणि मात्रा एकच, ५०० मिलिग्रॅमची. अर्कात फ्लॅव्होनॉइडांबरोबर प्रथिने व कर्बोदकेही होती, तेव्हा श्रेय कोणाला द्यावे हेही स्पष्ट नाही. त्यानंतर फळे, भाज्या आणि गोळ्या यांची माणसांवर जी तुलना झाली, तीत सामान्यतः असा फरक दिसून आला नाही. अस्कॉर्बिक अम्ल संत्र्यातून आले काय किंवा कारखान्यातून आले काय, शरीराने त्यात भेद केला नाही. उलट २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर असे दिसले की, क्वेर्सेटिनसारखे फ्लॅव्होनॉइड आतड्यातून ‘क’ आत नेणाऱ्या वाहक प्रथिनालाच अटकाव करते. उंदरांना दोन्ही एकत्र दिली असता रक्तातील ‘क’चे प्रमाण कमी राहिले. माणसाच्या नित्याच्या आहारात असे काही घडते असा निष्कर्ष यावरून काढणे उतावीळपणाचे होईल. परंतु संगतीने बळ वाढते हे विधान स्वयंसिद्ध नाही, एवढे तरी त्यावरून ठरते.

फ्लॅव्होनॉइडांचे स्वतंत्र मूल्य काय, हा प्रश्न मात्र अद्याप मिटलेला नाही, आणि त्याच्याविषयी तुच्छतेने बोलण्याचे कारण नाही. नेदरलँड्समधील झुट्फेन येथे ६५ ते ८४ वर्षांच्या ८०५ पुरुषांची पाहणी झाली, तीत चहा, कांदा व सफरचंद यांतून अधिक फ्लॅव्होनॉइड घेणाऱ्यांत हृद्रोगाने होणारे मृत्यू कमी आढळले. ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, म्हणून पुढे प्रत्यक्ष परीक्षण करण्यात आले. कोकोतील फ्लॅव्हॅनॉल रोज ५०० मिलिग्रॅम देऊन एकवीस हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांवर केलेल्या या परीक्षणाचे निष्कर्ष २०२२ साली आले. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांची एकूण संख्या निश्चितपणे कमी झाली असे त्यातून सिद्ध झाले नाही. या विकारांनी झालेले मृत्यू मात्र कमी होते. तेव्हा निर्णय प्रलंबित आहे असेच म्हणावे लागते. ही द्रव्ये शरीरात अल्पच शोषली जातात, आणि यकृत त्यांना परक्या पदार्थाप्रमाणे वागवून लवकर बाहेर घालविते. म्हणून परीक्षानलिकेत दिसणारे त्यांचे गुण रक्तात तसेच दिसतील ही अपेक्षा व्यर्थ आहे. संत्रे खाणे हिताचे आहे याविषयी कोणाचाच मतभेद नाही. तेथे ‘क’ही मिळते, हेस्पेरिडिनही मिळते आणि चोथाही मिळतो, संत्र्याचा पांढरा पापुद्रा आणि शिरा काटेकोरपणे सोलून टाकणाऱ्यांनी तेवढे श्रम न घेतले तरी चालेल.

सेगेदच्या संशोधकांनी ज्या केशवाहिन्यांपासून सुरुवात केली, त्या क्षेत्रात या द्रव्यांना थोडे स्थान टिकून राहिले आहे. डायोस्मिन आणि हेस्पेरिडिन यांचे सूक्ष्म चूर्ण पायांच्या नीलांच्या जुनाट विकारांवर आणि मूळव्याधीवर युरोपात व आपल्याकडेही डॉक्टर देतात; त्याने लक्षणे काही अंशी कमी होतात. ते औषध म्हणून देण्यात येते, जीवनसत्त्व म्हणून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरस्काराने चालणाऱ्या औषधांच्या सांकेतिक सूचीत ‘केशवाहिन्यांना स्थैर्य देणारी द्रव्ये’ या शीर्षकाखाली ‘बायोफ्लॅव्होनॉइड’ असा उपवर्ग आहे आणि रुटिनचे नाव, डायोस्मिनचे नाव तेथे नोंदलेले आहे. या सूचीत हृदय व रक्तवाहिन्यांच्या औषधांना रोमन ‘सी’ हे अक्षर दिलेले असल्यामुळे एकेकाळचे ‘पी’ आता ‘सी’खाली येते. अस्कॉर्बिक अम्ल जीवनसत्त्वांच्या विभागात, ‘ए’खाली सापडते.